तिसऱ्या पेडलच्या शोधात

डॉक्टरांच्या मैफलीत दोन विषयांना मरण नाही. एक मुलांच्या प्रवेशपरीक्षा आणि दुसरा नवी मोटारगाडी. पहिल्या विषयातून माझी सुटका झाली आहे. दुसऱ्याने मात्र वयाच्या ५५ व्या वर्षी मला गाठले. रोज इस्पितळात नेता येईल, खिशाला झेपेल आणि जिचे गियर आपल्याच हाताने टाकावे लागतील अशी एखादी चपळ स्पोर्ट्‌स गाडी घ्यावी, असे मनाने घेतले.

वरकरणी हा हौसेचा मामला. पण मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे. कोल्हापूर रस्त्यावरून वा धारवाडकडून आणलेला विशीतला तरुण मध्यरात्री टेबलावर येतो, तेव्हा त्याच्या श्वासनलिकेत नळी घालण्याचे काम माझे असते. वेगाचे परिणाम इतक्या जवळून पाहणाऱ्या माणसाने वेगवान गाडीची चावी हाती घ्यावी काय, हा प्रश्न किमतीच्या प्रश्नाहून मोठा होता. सौभाग्यवती स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत. त्यांनी निकाल एका वाक्यात दिला, "अहो, हवी तर घ्या गाडी, पण मी सिझेरियनला बोलावले की लवकर पोहोचण्यापेक्षा धड पोहोचा."

या वाक्याने माझ्या शोधाला दिशा दिली. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र आठवले. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरवरून ८० वर गेले की वेग एकतृतीयांशाने वाढतो, पण शरीराला सोसावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते. तेव्हा जिचा आनंद ताशी १५० किलोमीटरच्या पुढे सुरू होतो, ती गाडी मला नकोच होती. टिळकवाडीच्या वळणावर, दुसऱ्या गियरमध्ये, कायद्याच्या मर्यादेत जी आनंद देईल ती हवी होती.

अशा गाडीचा आदर्श जपानी आहे. माझ्दा कंपनीने १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी मांडली. १.६ लिटरचे इंजिन, सुमारे ११६ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम एक टन. साठच्या दशकातील लोटस एलान या इंग्रजी गाडीची प्रेरणा तिच्यामागे होती. शक्ती माफक, पण वजन हलके आणि तोल नेमका, या बळावर २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या तयार झाल्या. आपल्याकडे माझ्दाचे दुकान नाही. मात्र शेजारच्या गोव्यात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची उघड्या छपराची, फायबरच्या अंगाची दोन आसनी गाडी तयार होत असे, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. तिची शक्ती सुमारे ६० अश्वशक्तीच होती.

भारतात अशा गाड्यांचे आकारमान अभियंत्यांइतकेच करआकारणीनेही ठरवले आहे. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल, तर कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांना १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तर मोठ्या गाड्यांना ४० टक्के. म्हणून आपल्या 'गरिबांच्या स्पोर्ट्‌स गाड्या' म्हणजे एक लिटरच्या इंजिनाला टर्बो जोडलेल्या हॅचबॅक. मारुतीची बलेनो आरएस २०१७ मध्ये आली आणि २०२० मध्ये गेली. चाकणला तयार होणारी फोक्सवॅगन पोलो २०२० पासून ११० अश्वशक्तीच्या टर्बो इंजिनासह आणि सहा गियरांसह मिळत असे. २०२२ मध्ये तिचेही उत्पादन थांबले. त्याआधी, २०१५ मध्ये, रांजणगावच्या फियाटने १४५ अश्वशक्तीची पुंटो अबार्थ आणली होती. तिचे चाहते आजही आहेत, सुटे भाग मात्र शोधावे लागतात. चाकणचीच व्हर्टस जीटी १५० अश्वशक्तीची, २०२३ मध्ये मॅन्युअल गियरसह आली. पण ती लांबीने मोठी, कराने मोठी, आणि कर्नाटकाचा आजीवन कर त्यावर वेगळा.

मॅन्युअल गियर तर दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालला आहे. २०२५ मध्ये भारतात आलेल्या गोल्फ जीटीआय आणि ऑक्टाव्हिया आरएस या दोन्ही नामवंत गाड्या केवळ स्वयंचलित गियरच्या होत्या. ह्युंदाईची आय-२० एन लाइन २०२१ मध्ये आली तेव्हा तिच्या एका प्रकारात गियरचा दांडा होता, पण क्लचचे पेडल नव्हते! लॅरिंगोस्कोप हाती द्यावा आणि दिवा काढून घ्यावा, तसे मला ते वाटले. सप्टेंबर २०२३ मध्ये मात्र तीच गाडी तिसऱ्या पेडलसह आली. १२० अश्वशक्ती, १७२ न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गियर.

आता प्रश्न गुडघ्याचा. माझा डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. एका सोमवारी शहरातल्या फेऱ्यांत क्लच किती वेळा दाबला ते मोजले; संध्याकाळपर्यंत आकडा २१४ वर गेला. अस्थिरोगतज्ज्ञ मित्राने तपासून सांगितले की, दोष पेडलपेक्षा बैठकीत असतो. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेलाच राहिला पाहिजे. पाठ न हलवता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे. आणि क्लचचे काम नसताना डावा पाय शेजारच्या विश्रांतीच्या पट्टीवर असावा. या तीन गोष्टी पाळल्यावर कुरकुर बरीच उणावली. ज्या बंधूंचा गुडघा खरोखर झिजला आहे, त्यांनी मात्र हौसेला मुरड घालून स्वयंचलित गाडीच घ्यावी.

सुरक्षिततेत तडजोड करायची नाही, हे ठरलेले होते. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या भारतीय पोलोला शून्य तारे दिले. दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीला चार तारे मिळाले. सांगाडा तोच, फरक पिशव्यांचा आणि म्हणून माणसाच्या डोक्याचा. पोलोच्या सर्व आवृत्त्यांत घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली नव्हती. २०२३ च्या एन लाइनमध्ये ती आणि सहा एअरबॅग, दोन्ही होत्या. आपल्याकडच्या पावसात ही प्रणाली चैन नव्हे. निवड तेथेच झाली.

गाडी कोल्हापुरात मिळाली, एका वर्षाची वापरलेली. चालवून पाहताना उद्यमबागेतल्या मिस्त्रींना सोबत नेले. त्यांनी चौथ्या गियरमध्ये हळू वेगात अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबायला लावला. इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडी मात्र जागची वाढली नाही, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. आमच्या गाडीत फेरे आणि वेग बरोबर वाढले. "डॉक्टरसाहेब, नाडी ठीक आहे," मिस्त्री म्हणाले. एमएच-०९ ची केए-२२ करताना कोल्हापूरच्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथला आजीवन कर हे दोन घाट चढावे लागतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची तर नवी नोंदणी सक्तीची आहे, म्हणून हा खर्च किमतीतच धरून घासाघीस करावी.

आज ती माझी रोजची गाडी आहे. सायलेन्सरचा आवाज थोडा जाड, सस्पेन्शन थोडे कडक. खानापूरच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा कंबरेला आपली ओळख सांगतो. पण चोर्ल्याच्या घाटात, पहाटे रिकाम्या रस्त्यावर, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना इंजिन आणि हात यांचे जे एकमत होते, ते दिवसभरात दुसरे कोणतेही यंत्र मला देत नाही. तेव्हा काटा बहुधा पन्नासच्या खालीच असतो.

एक नियम मात्र घरात ठरला आहे. सलग रात्रपाळीनंतर किंवा दुसऱ्या आणीबाणीच्या हाकेला मी गाडी चालवत नाही. रिक्षा वा इस्पितळाची गाडी बोलावतो. थकलेल्या माणसाची प्रतिक्रिया मंदावते, हे रुग्णाला सांगणारे आपणच. आपल्या संस्थेतील तरुण सहकाऱ्यांनी अशी गाडी जरूर घ्यावी, हातांनी चालवावी, पण हा नियम आधी घरच्यांच्या साक्षीने करावा, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने विनंती.