एकच वॉर्ड, दोन हिशेब

ब्रॉडमूर, रॅम्पटन आणि अ‍ॅशवर्थ ही इंग्लंडमधली तीन अतिसुरक्षित मनोरुग्णालये. त्यांतले ब्रॉडमूर सर्वांत जुने, १८६३ साली बर्कशरमध्ये सुरू झालेले. अशा रुग्णालयाच्या एकाच वॉर्डात, एकाच आजाराची औषधे घेणारे दोन रुग्ण असू शकतात. दोघांच्याही हातून गंभीर गुन्हा घडलेला, दोघांच्याही दाराला सारखेच कुलूप. तरी त्यांतल्या एकाला सरकारी निर्वाहभत्ता मिळतो आणि दुसऱ्याला त्यातली एक पेनीही मिळत नाही.

हा फरक ठरतो तो माणूस कोणत्या वाटेने रुग्णालयात आला यावरून. १९८३च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ३७ नुसार न्यायालय शिक्षेऐवजी उपचारांचाच आदेश देते. असा माणूस कायद्याच्या लेखी रुग्ण ठरतो. कलम ४७ मात्र तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्यांसाठी आहे. दोन डॉक्टरांचे अहवाल आले की न्यायमंत्री कैद्याला रुग्णालयात हलवू शकतात, पण त्याची शिक्षा चालूच राहते. कलम ४५ए मध्ये तर न्यायाधीश शिक्षा सुनावतात आणि त्याच वेळी आरोपीला रुग्णालयात धाडतात. या दोन्ही वाटांनी आलेला माणूस भत्त्यापुरता कैदीच राहतो.

याहून विलक्षण गोष्ट घडते ती सुटकेच्या तारखेला. ठरावीक मुदतीची शिक्षा झालेला रुग्ण तुरुंगात असता तर ज्या दिवशी सुटला असता, त्या दिवसापासून त्याचा भत्त्याचा हक्क सुरू होतो. तो अजून आजारी असेल, तर वॉर्ड तोच, कुलूप तेच, औषधेही तीच. बदलतो तो फक्त कायद्याच्या नजरेतला माणूस. जन्मठेपेच्या कैद्याला अशी ठरलेली तारीखच नसते.

या भेदभावाविरुद्ध काही रुग्ण न्यायालयात गेले. २०१० मध्ये अपील न्यायालयाचा निकाल आला आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सरकारने ही रेषा नव्या नियमांनी पक्की केली. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानेही २०१५ मध्ये तक्रार दाखल करून घ्यायला नकार दिला. सामाजिक मदत कोणाला द्यायची हे ठरवण्यात प्रत्येक राष्ट्राला बराच मोकळा वाव असतो, अशी त्या न्यायालयाची भूमिका आहे. शिक्षा भोगणाऱ्याला सरकारने पोसायचेच, मग वर पैसे कशाला, हा युक्तिवाद मला समजतो. पण मनाच्या आजारातून सावरणाऱ्याला स्वतःचे कपडे घेणे, घरी फोन करणे, परवानगीने बाहेर पडून दुकानात खरेदी करणे हे पुन्हा शिकावे लागते. हा उपचारांचाच भाग आहे आणि त्याला थोडे का होईना, हातात पैसे लागतात. १९८३च्या कायद्यातच अशा हातखर्चाची तरतूद होती, ती उगाच नव्हे.

पुढे युनिव्हर्सल क्रेडिट हा नवा सरकारी भत्ता आला, तरी २०१३च्या नियमांत हीच रेषा राहिली. त्यामुळे कलम ४७ खालच्या रुग्णाच्या कागदपत्रांत सुटकेची तारीख कोणती, हे रुग्णालयातल्या समाजसेवकाला ठाऊक असावे लागते; ती उलटून गेल्यावरही अर्ज कोणी केलाच नाही, तर हक्क असूनही पैसे हाती येत नाहीत.