हिमाचल म्हणजे बारमाही बर्फ नव्हे

मे महिन्यात हिमाचलला निघालेली मंडळी घरातले सगळे स्वेटर बॅगेत कोंबतात. पण त्याच दिवसांत पंजाबला लागून असलेल्या उना जिल्ह्यात पारा चाळिशी ओलांडतो. राज्याचा सखल भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५० मीटरवर, तर किन्नौरमधलं रेओ पुरग्यिल शिखर ६,८१६ मीटर उंच. एवढ्या चढात एकच हवामान असेल कसं? शिमल्यातही बर्फ पडतो तो हिवाळ्यात, आणि दर वर्षी सारखा नाही.

‘डोंगर म्हटलं की पाऊस’ हा समज जास्त पक्का आहे, आणि तो इथे पार उलटापालटा होतो. नुसत्या उंचीवर काही ठरत नाही. रांगेच्या कोणत्या अंगाला आपण आहोत, त्यावर ठरतं. कांगडा खोऱ्याच्या डोक्यावर धौलाधारची रांग एकदम उभी राहते. मान्सूनचे ढग तिला अडतात आणि धर्मशाळेत वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. पीर पंजालपलीकडच्या लाहौल-स्पितीत मात्र मान्सून फारसा पोचतच नाही. महाबळेश्वरचा पाऊस आणि माणदेशचा दुष्काळ ठाऊक असलेल्या आपल्याला हे चटकन पटावं. २०२० साली खुल्या झालेल्या ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यात मनालीकडून शिरताना भोवती देवदार असतात. काही मिनिटांनी बाहेर पडावं तर समोर बोडके डोंगर.

तरीही स्पितीला ओसाड म्हणणं अन्यायाचं आहे. तिथे जव आणि वाटाणा पिकतो, तो बर्फाच्या पाण्यावर. हा बर्फ मान्सूनचा नसतो. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात येणारे पश्चिमी विक्षोभ तो आणतात. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी गावकरी पाटांनी शेतात फिरवतात. हिवाळा कोरडा गेला की पुढचं पीक अडचणीत येतं. घरांची छपरंही याच हवेला धरून बांधलेली, सपाट आणि मातीची. जोराचा पाऊस झाला तर ती गळतात.

सफरचंदाला थंड हवा लागते हे खरं, पण नुसता गारवा पुरत नाही. जुन्या जातींना हिवाळ्यात सुमारे हजार तास ७ अंश सेल्सिअसखालचं तापमान मिळावं लागतं. हिवाळे उबदार होऊ लागले तशा बागा वर, किन्नौर-लाहौलकडे सरकू लागल्या. कुल्लूच्या खालच्या पट्ट्यात काही बागायतदारांनी सफरचंदाच्या जागी डाळिंब लावलं आहे.