सातबाऱ्यामागची वही

जून लागला की हिंगोलीत पीककर्जाची धावपळ सुरू होते. सोयाबीनचं बियाणं घ्यायचं असतं, हळदीचं बेणं लागतं, आणि बँक आधी मागते तो सातबारा. सेवा केंद्राच्या खिडकीतून अधूनमधून उत्तर येतं, 'सर्व्हर डाऊन आहे.' लोक मुकाट्याने सावलीला जाऊन बसतात, तासाभराने परत येतात. आमच्या संपादकांना यातून एक प्रश्न पडला: सर्व्हर तासाभरासाठी न बसता कायमचा बसला, तर सातबारा परत कुठून आणणार? त्याच्या उत्तरासाठी मी सातबाऱ्याकडे बघायला लागलो आणि त्याच्या मागच्या वहीत अडकलो.

सरकारी इतिहास थोडक्यात सांगता येतो. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. डिजिटल सहीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ला सुरू झाला, एका उताऱ्याला पंधरा रुपये. मुळाशी कायदा १९६६चा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. त्यातलं कलम १५० फेरफार नोंदवहीबद्दल आहे आणि खरी गंमत तिथे आहे.

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. जमीन आज कोणाची, तिच्यावर बोजा काय, पीक कोणतं, एवढं तो सांगतो. हे सगळं आलं कुठून, ते सांगतो नमुना सहा, म्हणजे फेरफार. खरेदीखत झालं, वारस लागले, कर्जाचा बोजा चढला, की तलाठी आधी नमुना सहामध्ये क्रमांक घालून नोंद लिहितो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच तिचा सातबाऱ्यावर अंमल दिला जातो. हाताने लिहिलेला जुना सातबारा जवळून पाहा. नावाशेजारी छोट्या वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा. आणि गेलेल्या मालकाचं नाव खोडलेलं नसतं, त्याला कंस केलेला असतो. कंसातलं नाव वाचता येतं आणि वर्तुळातल्या आकड्यावरून ते का गेलं हेही शोधता येतं. मला ही रीत फार शहाणी वाटते. सातबारा फाटला तरी फेरफाराचे क्रमांक सलग असतील, तर तो पुन्हा उभा करता येतो. क्रमांक मध्येच तुटले, तर नवा कोरा सातबारा हातात असूनही त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

बँक असो, रेल्वेचं आरक्षण असो की जमिनीचं दप्तर, मोठा डेटाबेस याच शिस्तीवर चालतो. बदल आधी लॉगमध्ये लिहायचा, मूळ तक्त्यावर अंमल नंतर. वीज गेली, यंत्र मध्येच बंद पडलं, तर उठल्यावर लॉग वाचून राहिलेला अंमल पुरा करायचा. या पद्धतीची नीट मांडणी करणारा 'एरीज' नावाचा शोधनिबंध १९९२मध्ये आला. त्याचे प्रमुख लेखक सी. मोहन, मद्रास आयआयटीत शिकून आयबीएममध्ये गेलेले. आज जगभर वापरला जाणारा पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस घ्या. त्याचा लॉग सोळा एमबीच्या फायलींत मोडलेला असतो, आणि प्रत्येक फाइलीचं नाव म्हणजे चोवीस अक्षरांचा चढता क्रमांक. फाइल भरली की तिची नक्कल दुसऱ्या सुरक्षित जागी जाते. यालाच आर्काइव्ह म्हणतात. तिसऱ्या जागी, शक्यतो दुसऱ्या शहरात, स्टँडबाय म्हणजे राखीव डेटाबेस बसलेला असतो. तो त्या फायली क्रमाने उचलतो आणि आपल्याकडच्या प्रतीवर अंमल देत राहतो. मुख्य यंत्र गेलं, तर कारभार त्याने हातात घ्यायचा.

कळमनुरी तालुक्यातला एक तरुण एका कंपनीचे असे डेटाबेस सांभाळतो. त्याच्या लॅपटॉपवर मी पाहिलं, ते फक्त तीन आकडे होते. मुख्य यंत्राने लिहिलेला शेवटचा लॉग, आर्काइव्हमध्ये सुखरूप पोचलेला शेवटचा, आणि स्टँडबायने अंमल दिलेला शेवटचा. तिन्ही जवळजवळ असले की तो चहाला उठतो. पहिला पुढे पळतोय आणि दुसरा जागीच आहे, तर आर्काइव्ह अडकलंय. दुसरा पळतोय, तिसरा थांबलाय, तर वाटेत एखादी फाइल गहाळ आहे. ४७ आणि ४९ आल्या, पण ४८ नाही, तर स्टँडबाय ४९ला हात लावत नाही. त्याच्या या हट्टाचं मला कौतुक वाटतं. एक नोंद गाळून पुढे गेलेली प्रत वरून अगदी ताजी दिसते, आणि तीच सगळ्यात धोक्याची.

रात्री आणखी एक घोळ होतो. कामच नसलं तर सोळा एमबीची फाइल भरत नाही, आणि संध्याकाळची शेवटची नोंद अर्धवट फाइलीत पडून राहते. आर्काइव्हचा आकडा हलत नाही, म्हणून बिघाड समजावा तर बिघाड नसतो. निवांत समजावं तर ती नोंद अजून दुसरीकडे पोचलेली नसते. म्हणून ठरावीक वेळाने अर्धी फाइलही पुढे ढकलायची सोय करून ठेवतात.

आता अडचणी, आणि त्या पुष्कळ आहेत. फाइल पोचली की नाही, हे पोस्टग्रेस स्वतः जाऊन पाहत नाही. नक्कल करणाऱ्या आज्ञेने 'झालं' म्हटलं की ते विश्वास ठेवतं. ती आज्ञा घाईत, निष्काळजीपणे लिहिलेली असेल, तर आर्काइव्हमध्ये काहीही नसताना सगळं हिरवं दिसत राहतं. उलट ती प्रामाणिकपणे 'नाही झालं' म्हणत राहिली, तर मुख्य यंत्र न गेलेल्या फायली टाकून देत नाही. त्या साठतात, डिस्क भरते, आणि एके दिवशी डेटाबेसच थांबतो. खिडकीवरच्या माणसाला तेव्हाही 'सर्व्हर डाऊन' एवढंच कळतं.

३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत काय झालं, ते त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं. स्टँडबाय इतका मागे पडला, की त्याला हव्या असलेल्या लॉग फायली मुख्य यंत्राने तोवर पुसून टाकल्या होत्या, आणि आर्काइव्ह चालूच केलेलं नव्हतं. स्टँडबाय नव्याने बसवताना रात्री उशिरा अभियंत्याने चुकून मुख्य यंत्रावरचाच डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला. रोजचा बॅकअप कधीपासून फसत होता, आणि त्याचा इशारा देणाऱ्या मेल पोचतच नव्हत्या. शेवटी वेगळ्या कामासाठी सहा तास आधी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. त्या सहा तासांतल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच.

स्टँडबाय चुकीपासून वाचवत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. मुख्य यंत्रावर कोणी भलताच तक्ता पुसला, तर लॉगमधून तो हुकूम पाठोपाठ पलीकडे जातो आणि स्टँडबायही आज्ञाधारकपणे पुसतो. तेव्हा कामाला येते ती जुनी पूर्ण प्रत आणि तिच्यापासून चुकीच्या आदल्या क्षणापर्यंतचे सलग लॉग. इथे डेटाबेस आणि महसुली दप्तर यांचे रस्ते वेगळे होतात. नवी पूर्ण प्रत घेतली, की तिच्या आधीचे लॉग काही आठवड्यांनी टाकून देतात. फेरफार वही टाकता येत नाही. मराठवाड्यात आजही जमिनीचे दावे १९५४-५५च्या खासरा पत्रकापर्यंत मागे जातात, आणि २०२३मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं तपासू लागली. डेटाबेसचे लॉग जपले म्हणजे दप्तर जपलं, असं कोणी मानू नये. ते काम वेगळं आहे आणि त्याला वेगळी माणसं लागतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शेवटच्या काही मिनिटांची. बहुतेक ठिकाणी मुख्य यंत्र स्टँडबायसाठी थांबत नाही. नोंद आपल्याकडे लिहिली की 'झालं' म्हणून मोकळं होतं, पलीकडे ती मागाहून पोचते. समजा, त्या मधल्या वेळात मुख्य यंत्र गेलं. औंढ्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याने फेरफार प्रमाणित झालेला, सहीचा उतारा नुकताच काढून बँकेत दिलाय, आणि कारभार हाती घेतलेल्या स्टँडबायला तो फेरफार माहीतच नाही. त्या गावाचा पुढचा फेरफार आला, की यंत्र तोच क्रमांक दुसऱ्याला देईल. एकाच क्रमांकाचे दोन फेरफार, दोन्ही कागद खरे.

यावर उपाय आहे. स्टँडबायने 'लिहिलं' म्हटल्याशिवाय मुख्य यंत्राने 'झालं' म्हणायचंच नाही. मग प्रत्येक नोंद दुसऱ्या शहरात जाऊन येईपर्यंत थांबते, आणि मधली लाइन तुटली तर कारभारच अडतो. जूनच्या गर्दीत हे थांबणं परवडेल का, आणि नाही परवडलं तर किती मिनिटांच्या नोंदी गेलेल्या चालतील, हे डेटाबेस सांभाळणाऱ्याने एकट्याने ठरवायचं नसतं. त्या मिनिटांचा आकडा महसूल खात्याने लेखी ठरवून द्यायला हवा. तो ठरला, की वर्षातून एकदा तरी भर दिवसा मुख्य यंत्र मुद्दाम बंद करून स्टँडबायवर कारभार चालवून पाहायचा, आणि प्रत्यक्षात किती मिनिटांच्या नोंदी गेल्या ते त्या आकड्यासमोर लिहायचं.