रुग्णाचे ज्ञापकत्व आणि आपली प्रश्नपरीक्षा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेच्या चतुष्पादांचे प्रत्येकी चार याप्रमाणे १६ गुण वर्णिले आहेत. रुग्णाच्या गुणांत स्मृती व निर्देशकारित्व यांच्यापाठोपाठ अभीरुत्व आणि ज्ञापकत्व येतात. निर्भय असणे आणि आपल्या व्याधीविषयी यथातथ्य सांगता येणे, या दोहोंचा संबंध चिकित्सालयात नित्य प्रत्ययास येतो. भ्यालेला रुग्ण सांगत नाही. तो स्वतःचा बचाव करतो.

‘‘पथ्य पाळले नाहीत ना?’’ या प्रश्नास प्रांजळ उत्तर क्वचितच मिळते. मधुमेही गृहस्थ ‘‘गोड मी खातच नाही’’ असे ठासून सांगतात आणि सोबतची पत्नी काही बोलू लागताच तिच्यावरच खेकसतात. रुग्ण खोटे बोलतो, असा निष्कर्ष आपण तत्काळ काढतो. वस्तुतः प्रश्नातच आरोप होता.

अपथ्य लपविले गेले तर बहुधा उपशयास विलंब होतो. औषध लपविले गेले तर प्राणावर बेतू शकते. संधिशूलाचा रुग्ण कित्येक महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असतो. वैद्य रागावतील या भयाने तो ते सांगत नाही आणि आपली चिकित्सा सुरू होताच त्या गोळ्या परस्पर बंद करतो. दीर्घकाळच्या सेवनाने अधिवृक्क ग्रंथींचे स्वतःचे कार्य मंदावलेले असते. अशा स्थितीत गोळ्या एकाएकी थांबल्यास कमालीचे दौर्बल्य, छर्दी, रक्तदाब उतरणे व मूर्च्छा संभवते. त्या देणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली क्रमाक्रमानेच कमी कराव्या लागतात. पण त्यासाठी त्या चालू आहेत हे आधी कळावयास हवे.

म्हणून आम्ही असे विचारणे पसंत करतो : ‘‘सांधे दुखू लागले की बहुतेक जण काही ना काही गोळी घेतातच. आपली कोणती चालू आहे? सांगितलीत म्हणून आम्ही ती आजच बंद करावयास लावणार नाही.’’ यात रुग्णाला हरविण्याचा हेतू नाही. विमानस्थानात वर्णिलेली विगृह्य संभाषा प्रतिपक्षी विद्वानासाठी आहे. रुग्णाला वादात जिंकून वैद्याच्या पदरी काय पडणार? मद्यपींच्या उपचारासंबंधी विल्यम मिलर यांनी १९८३ साली हाच मुद्दा मांडला : रुग्णाचा विरोध हा केवळ त्याचा स्वभाव नव्हे, चिकित्सकाच्या बोलण्यानेही तो वाढतो किंवा ओसरतो.

रुग्ण चिडलाच तर पुरावे मांडू नयेत. ‘‘रोज पथ्य सांभाळणे अवघड जात असेल,’’ एवढे म्हणून क्षणभर थांबावे. मग रात्रपाळी, कॅन्टीनचे जेवण, घरातील लग्नकार्य, सारे आपसूक बाहेर येते.

औषधालयचालकांची अडचण निराळी. गल्ल्यापाशी चार गिऱ्हाइके उभी असताना ‘‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’’ असे मोठ्याने विचारल्यास ‘‘काही नाही, तुम्ही गुग्गुळ द्या’’ हेच उत्तर येणार. गिऱ्हाइकास किंचित बाजूस घेऊन, जुनी चिठ्ठी अथवा गोळ्यांचे पाकीट दाखविण्यास सांगावे. पाकीट पाहिले की फार विचारावेच लागत नाही.