जसं काम, तसा हातमोजा

सोयाबीन फुलोऱ्यात आहे, कपाशीवर फवारे सुरू आहेत आणि कॉलेजला सुट्टी लागली की घरचा पंप तुमच्याच पाठीवर येतो. मग हे वाचाच.

क्रिकेटला बॅटिंग ग्लोव्हज लागतात. जिममध्ये पकड सुटू नये म्हणून वेगळे लागतात. डिसेंबरात सकाळच्या लेक्चरला गाडीवर यायचं तर लोकरीचे लागतात. आणि रविवारी शेतात फवारणीचा पंप पाठीवर घेतल्यावर? तेव्हा उघडे हात, अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, पायात स्लीपर आणि तोंडाला रुमाल. बरोबर ना?

हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ, वसमत. तालुका कुठलाही असो, तुमच्यापैकी अनेकांचं वर्ष दोन वेळापत्रकांवर चालतं. एक कॉलेजचं, दुसरं शेताचं. जूनच्या आसपास हळदीची लावण, मग सोयाबीन-कपाशीची खुरपणी, ऑगस्ट-सप्टेंबरात फवारणी, दिवाळीच्या आगेमागे मळणी, फेब्रुवारी-मार्चात हळदीची काढणी. त्यात एनएसएसचं शिबिर आलं की गवत उपटणं आणि खड्डे खोदणं आहेच. या प्रत्येक कामात हाताला धोका वेगळा. कुठे विष, कुठे काटा, कुठे धूळ, कुठे फिरतं पातं. म्हणून सगळ्या कामांना एकच मोजा चालत नाही. काही ठिकाणी तर चुकीचा मोजा उघड्या हातापेक्षाही वाईट!

पैनगंगेपलीकडे काय झालं होतं?

शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ८०० हून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले. यातलं कुणी विष प्यायलं नव्हतं. ते रोजचं काम करत होते. त्या वर्षी कपाशी भलतीच उंच वाढली होती. फवारा वरच्या दिशेने मारावा लागायचा आणि तुषार अंगावर यायचे. उकाडा होता, हवा दमट होती, दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारली जात होती आणि बहुतेकांच्या अंगावर संरक्षणाचं काहीच नव्हतं.

आपल्याला वाटतं, विष नाका-तोंडातून जातं. फवारणीत मात्र सगळ्यात मोठं दार असतं ते कातडीचं. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. पंपातल्या पाण्यात औषध पातळ झालेलं असतं, बाटलीत ते निव्वळ असतं. म्हणजे टोपण उघडून माप भरायची ती पाच-दहा मिनिटं हातासाठी सर्वांत धोक्याची. नेमकं तेव्हाच आपण म्हणतो, ‘आता मोजे कशाला, फक्त ओतायचंय!’

फवारणीसाठी कुठला?

दुकानात मिळणारे पांढरे, विणलेले सुती मोजे फवारणीला अजिबात नकोत. ते स्पंजासारखं औषध शोषतात आणि तासन् तास कातडीला चिकटवून ठेवतात. उघड्या हातावर पडलेला थेंब निदान धुता तरी येतो. चामड्याच्या मोज्यांचंही तेच. एकदा औषध मुरलं की ते धुऊन निघत नाही.

मग हवा कुठला? नायट्राइलचा, आतून कापडी अस्तर नसलेला, जाडसर आणि लांब. लांब म्हणजे किती? भारत सरकारच्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांमध्येच त्याचं उत्तर आहे. द्रव आत न झिरपणारा आणि मनगटाच्या वर अर्ध्या हातापर्यंत पोचणारा मोजा. हा नियम तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे, पण वापर बघायला मिळतो क्वचितच.

‘रबराचा चालेल का?’ बाटलीवर औषधाच्या नावापुढे ‘ईसी’ लिहिलेलं असतं ना, त्या औषधात तेलकट द्रावक असतो. साध्या लॅटेक्स रबराला तो लवकर पार करतो. नायट्राइल जास्त वेळ टिकतं. दवाखान्यातले पातळ मोजे तर काडी लागली तरी फाटतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

माप कसं घ्यायचं? अंगठा सोडून तळहाताभोवती टेप गुंडाळा. जेवढे इंच, साधारण तेवढा नंबर. २० सेंटिमीटर भरलं तर ८ नंबर. ढिल्या मोज्यात माप सांडतं, घट्ट मोज्यात हात आखडतो आणि दहाव्या मिनिटाला आपण तो काढून फेकतो.

आता एक छोटी पण कामाची युक्ती. पीक कमरेखाली असेल, म्हणजे सोयाबीन, हरभरा, तर शर्टाची बाही मोज्याच्या बाहेरून घ्या. ओघळ आत जाणार नाही. पीक डोक्यावर असेल, उंच कपाशी किंवा तूर, तर हात वर जातो. तेव्हा मोजा बाहीच्या वरून चढवा आणि त्याची कड बाहेर दुमडा. ओघळ त्या घडीत अडकतो. गमबूट घातला तर पँट कायम बाहेरून. बुटात खोचली की सगळं पायावर उतरतं.

काम संपल्यावर मोजे हातातच असताना साबणाने धुवा, मग काढा. पुढच्या वेळी घालण्याआधी त्यात पाणी भरून दाबून बघा. कुठे थेंब आला तर तो मोजा बाद. आणि हो, मोजा घातलेल्या हाताने मोबाइल उचलायचा नाही. तोच मोबाइल नंतर गालाला लागतो. तंबाखू मळणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको. नोझल तुंबला की तोंडाने फुंकणाऱ्यांनाही नाही. दातांचा जुना ब्रश सोबत ठेवा, त्याने साफ करा.

बाकीच्या कामांचं काय?

करडई काढणाऱ्या आज्या-आजोबांना विचारा. भल्या पहाटे, काटे दवाने मऊ असताना ते शेतात जायचे. हाताला जाड कापड, पायाला गोणपाट. ‘सेफ्टी गिअर’ हा शब्द त्यांना माहीत नव्हता, पण काम बघून हात झाकायचं हे पक्कं माहीत होतं. आपल्याला तेच करायचंय, फक्त आज बाजारात निवड जास्त आहे.

बाभळीच्या फांद्या, तारेचं कुंपण, करडई या कामांना चामड्याचा मोजा. हळदीची काढणी, खुरपणी, गवत कापणं याला तळहाताला रबर किंवा नायट्राइलचा थर आणि पाठीमागे कापड असलेला मोजा उत्तम. पकड येते, हात घामेजत नाही. मात्र तोच मोजा फवारणीला चालणार नाही, कारण पाठीमागून तो कापडच आहे. सुती मोजे वाया नाहीत. कोरडी पोती उचलायला, वाळलेली हळद भरायला ते बरे.

एनएसएसवाल्यांनो, गाजर गवत उघड्या हाताने उपटू नका. पुण्यात १९५० च्या दशकात दिसलेलं हे परदेशी तण आज गावोगावी आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने अनेकांच्या कातडीला खाज सुटते, चट्टे उठतात. एकदा ॲलर्जी बसली की पुढे नुसत्या संपर्कानेही त्रास होतो. शिबिराच्या खर्चाच्या यादीत बॅनरच्या आधी मोजे लिहा.

इथे मोजा घालायचाच नाही

मळणी यंत्र, कडबा कुट्टी, ट्रॅक्टरचा फिरता शाफ्ट. या ठिकाणी ढिला मोजा म्हणजे संकट. फिरत्या भागात बोटाचं टोक अडकलं की मोजा पूर्ण हात ओढून नेतो. ओढणी, उपरणं, हातातला दोरा यांचंही तेच. मळणी यंत्रांनी इतके हात घेतले की देशात १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. इथे संरक्षण म्हणजे लांब घमेलं असलेलं यंत्र, अंगाबरोबर बसणारे कपडे आणि झोप पूर्ण झालेला माणूस.

पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर वेगळा. त्याची पकड दोन्ही हातांनी लागते, हाताला सतत कंप बसतो, म्हणून घट्ट बसणारा मोजा हवा. पण त्याहून महत्त्वाचं डोळ्यांचं. पात्याखाली आलेला खडा गोळीसारखा उडतो. चेहऱ्यापुढे जाळी किंवा पारदर्शक शिल्ड, पायात जाड बूट आणि कानाला संरक्षण, एवढं नसेल तर मशीन सुरू करू नका. आणि आसपास कुणी उभं नको.

रुमाल, गॉगल, दाढी

रुमाल ओला झाला की औषधाची पट्टी बनून नाकावर बसतो. एन-९५ मास्क धुळीला चांगला, म्हणजे सोयाबीनची मळणी, हळदीचं पॉलिश, भुकटीचं औषध मोजणं. औषधाची वाफ मात्र तो अडवत नाही. त्यासाठी वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. आणि दाढीवाल्या भावांनो, कुठलाही मास्क दाढीवर नीट बसत नाही. कडेने हवा आत येतेच. फवारणीच्या हंगामात दाढीला थोडी सुट्टी द्या.

स्टाइलचा गॉगल कडांनी उघडा असतो. चारी बाजूंनी बसणारा घ्या. पंप पाठीवर गळत असेल तर आधी वायसर बदला. गळक्या पंपापुढे कुठलाही कपडा हरतो. आणि उकाड्यात एवढं सगळं घालून जीव घाबरतो, हे खरं आहे. म्हणून फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, वाऱ्याच्या दिशेने पुढे सरकत नाही तर वारा पाठीमागे किंवा बाजूला ठेवून करा. मध्ये सावलीत थांबा, हात-तोंड धुऊन पाणी प्या.

त्रास झालाच तर

लाळ सुटणं, खूप घाम, मळमळ, अंधूक दिसणं, पोटात मुरडा, दम लागणं. यातलं काही जाणवलं तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून झाडाखाली झोपू नका. कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा तिचं पत्रक सोबत न्या. प्रत्येक विषाचा उतारा एकच नसतो, काहींना तर खास उतारा नाहीच. डॉक्टरांना नाव कळलं तरच नेमका उपचार लवकर सुरू होतो. बाटलीवरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोणही बघून ठेवा. लाल सर्वांत विषारी. हिरवा म्हणजे कमी विषारी, निर्धोक नव्हे.

आणि मजुरांचं?

घरच्या मुलासाठी मोजे आणले आणि रोजाने आलेल्या मामा-मावशींना ‘राहू द्या, त्यांना सवय आहे’ म्हटलं, असं नको. विषाची सवय कुणालाच होत नाही. कीटकनाशक हाताळणाऱ्या प्रत्येकाला पुरेसं संरक्षण मिळालं पाहिजे, असं तोच १९७१ चा नियम सांगतो. बायकांच्या हाताला बाजारातले मोठे मोजे ढिले होतात, तेव्हा ७ नंबर मागून घ्या.

शंका असेल तर कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. नायट्राइल मोज्यांची जोडी औषधाच्या बहुतेक बाटल्यांपेक्षा स्वस्त पडते. पुढच्या वेळी कृषी सेवा केंद्रात औषधाचं नाव सांगाल, तेव्हा त्याच दमात विचारा, ‘नायट्राइलचे मोजे आहेत का, माझ्या आणि वडिलांच्या मापाचे?’ नसतील तर मागवायला लावा. गिऱ्हाईक मागतं, तेच दुकानदार ठेवतो.