लघवी तपासली का?

मूत्रपिंडाचा विकार म्हटला की आपण काणकोणचे नाव घेतो आणि निश्चिंत होतो. तिथे रुग्ण पुष्कळ, हे खरे. पण पेडणे-डिचोलीच्या घरांतही तो येतो, आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळत नाही.

काजूच्या दिवसांत आपल्या गरोदर भगिनी भर उन्हात बोंडू गोळा करतात. आडोसा नसतो, म्हणून पाणी कमी पितात व लघवी अडवून धरतात. या अवस्थेत लघवीला जंतुदोष लवकर होतो. तो मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप येतो, कुशीत दुखते, आणि दिवस भरण्यापूर्वीच बाळंतपण होऊ शकते. म्हणून आरोग्य केंद्रात दर खेपेस लघवी व रक्तदाब तपासून घ्यावा. लघवीतून प्रथिने जाऊ लागली, रक्तदाब चढला किंवा तोंड सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जिला हा विकार आधीपासून आहे, तिने दिवस राहण्यापूर्वीच सल्ला घ्यावा. रक्तदाबाच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला बाधतात. मात्र त्या मनाने बंद करू नयेत. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत.

पावसाळ्यात मुलांच्या पायांवर पू भरलेले फोड येतात, त्यांना आम्ही कोणीच मोजत नाही. अशा फोडांनंतर तीन ते सहा आठवड्यांनी, किंवा घसा दुखल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी, लघवी काळ्या चहासारखी व थोडी होऊ लागली, सकाळी डोळे सुजलेले दिसले, तर ते मूत्रपिंडाचे दुखणे समजावे. दिष्ट काढण्यात दिवस घालवू नयेत. वेळेवर नेलेली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.