घाणेरीची मोळी

सकाळी सात

मले महादेश्वर बेट्टाच्या जंगलात इथला सोलिगा आदिवासी माणूस चांगलं उजाडल्याशिवाय शिरत नाही. बंगळूरपासून दोनशेएक किलोमीटरवर, तामिळनाडूच्या सीमेला लागून असलेला हा चामराजनगर जिल्ह्यातला डोंगराळ मुलूख. इथे हत्ती रात्रभर हिंडतात, आणि घाणेरीच्या जाळीआड चार पावलांवर उभा असलेला हत्तीही दिसत नाही. त्यामुळे एकट्याने जायचं नाही आणि गप्प चालायचं नाही. हातात कोयता, खांद्यावर दोरी, एवढंच सामान.

घाणेरी म्हणजे आपली टणटणी. लाल-पिवळ्या फुलांची, काटेरी. गुरं तिच्या वाटेला जात नाहीत. मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी लावली. भारतात वाघ जिथे राहतात त्या जंगलांपैकी 40 टक्क्यांहून जास्त क्षेत्रात आज ती शिरली आहे, असं 2020 सालचा एक अभ्यास सांगतो. शोभा जरा जास्तच झाली.

साडेआठ

सगळीच घाणेरी कामाची नसते. कोवळी काडी वाळल्यावर चिरते, फार जुनी वाकत नाही. सरळ वाढलेले, फारसे फाटे नसलेले फोक निवडायचे. जाड फोक सांगाड्याला, बारीक विणायला. कापून बाहेर ओढताना अंगावर ओरखडे येतातच. मोळी बांधली की डोक्यावर घेऊन परत.

अकरा

पत्र्याच्या लांब टाकीत मोळ्या रचून वर पाणी भरतात आणि खाली जाळ करतात. आता काही तास उकळत ठेवायचं. दिवसाचा हा एवढाच भाग बसून काढण्याचा, आणि या लोकांच्या हाती घाणेरी आली कशी हे सांगायलाही हीच वेळ बरी.

आधी इथे बांबू होता. टोपल्या, सुपं, कणग्या त्याच्याच. पण 1927 च्या वन कायद्याने बांबूला झाडांत गणलं, म्हणजे तो सरकारी लाकूड झाला आणि तोडणारा चोर ठरू लागला. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात आणलं, तरी कागदावरचा हक्क हातात पडायला वेळ गेला. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं ते एप्रिल 2011 मध्ये, आणि तेही द्यायला केंद्रातले मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. महादेश्वर बेट्टाचं जंगल तर 2013 मध्ये अभयारण्य झालं, म्हणजे बंधनं आणखी वाढली.

हे सगळं होण्याआधीच, 2004 च्या सुमारास, बंगळूरच्या ‘एट्री’ या संस्थेने इथे घाणेरीपासून फर्निचर करायला शिकवणारं केंद्र सुरू केलं. बांबू-वेताचं काम हातात मुरलेलं होतंच, माल तेवढा बदलला. घाणेरी तोडताना बांबूइतकी आडकाठी येत नाही, कारण ती कोणालाच नको आहे.

पण ती एवढी माजली कशी? जवळच्या बिळिगिरी रंगन डोंगरातले सोलिगा म्हणतात, आम्ही उन्हाळ्याच्या तोंडाला पालापाचोळ्याला हलकी आग लावायचो, ती तुम्ही सरकारी लोकांनी बंद केली. ‘तरगु बेंकी’ म्हणतात तिला. जमिनीलगत सरकत जाणाऱ्या त्या आगीत घाणेरीची रोपं जळून जात, मोठी झाडं तगत. एट्रीच्याच अभ्यासकांनी 1997 आणि 2008 अशी दोनदा त्या डोंगरांत मोजणी केली, तेव्हा दरम्यान घाणेरीचा पसारा जवळपास दुप्पट झालेला दिसला. आगीमुळे नेमकं काय आणि किती, यावर वाद आहेत. मला मात्र जंगलात राहणाऱ्याचं म्हणणं निदान आधी ऐकून घ्यावंसं वाटतं. वणवा आणि राखणीची आग यांतला फरक नियमाच्या पुस्तकात सापडत नाही.

दुपारी दोन

टाकीतून काढलेले फोक गरम असतानाच सोलायचे. गार झाले की साल धरून बसते. बोटं भाजतात, पण थांबून चालत नाही. सालीखालची काडी नितळ, वेतासारखी दिसते. शहरातले लोक पहिल्यांदा वेतच समजतात.

तीन ते सहा

ओल्या फोकाला हवा तसा बाक देता येतो, म्हणून खुर्चीची पाठ आणि हात आधी वाकवून घ्यायचे, मग खिळे. स्टूल, टीपॉय, टोपल्या, सोफेसुद्धा होतात. बाया-पुरुष दोघंही काम करतात. वाळवी या लाकडाला सहसा लागत नाही, आणि विकताना तेच आधी सांगितलं जातं. शेवटी पॉलिश.

तरीही एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी: या कारागिरीने जंगल मोकळं होत नाही. फोक कापला तरी मूळ जमिनीत राहतं आणि पावसानंतर पुन्हा फुटतं. घाणेरी हटवायची तर मुळासकट उपटून तिथे गवत, झाडोरा वाढवावा लागतो, आणि ते काम खुर्च्या विकून भागणारं नाही. पोटापाण्याची सोय आणि जंगलाचा इलाज एकाच दमात झाला असं सांगणारी पत्रकं वाचताना म्हणून मी जरा सावध असतो.

संध्याकाळी सात

माल जायचा तो मुख्यतः बंगळूर-म्हैसूरकडे. बंगळूरच्या लालबागेत फेब्रुवारी 2024 मध्ये घाणेरीचे खऱ्या आकाराचे हत्ती कळपाने उभे होते. ते केले होते नीलगिरीकडच्या बेट्टकुरुंब, पणिया, काट्टुनायकन आणि सोलिगा आदिवासी कारागिरांनी. लोकांनी रांगा लावून फोटो काढले. असं मोठं काम आलं की कितीतरी घरांना महिनोन् महिने रोजगार मिळतो. ते रोज येत नाही. ऑर्डर नसली की टाकी कोरडी पडते, आणि मग बेट्टावरून निघणारी पहाटेची बस धरायची: कोणी कॉफीच्या मळ्यात, कोणी खाणीत, कोणी बंगळुरातल्या बांधकामावर.